झाडांवरची, प्राण्यांवरची पुस्तकं: गोष्ट कुठे संपते आणि सायन्स कुठे सुरू होतं?

पानगळ:

मंडळी, एक सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कॉमर्सवाली, बॉटनी-झुऑलॉजीशी शाळेनंतर काही संबंध नाही, पण हल्ली निसर्गावरची सोप्या भाषेतली विज्ञानाची पुस्तकं वाचायचा नाद लागलाय. सुरुवात झाली पेटर वोलेबेनच्या 'द हिडन लाइफ ऑफ ट्रीज'पासून. लेखक जर्मनीतला फॉरेस्टर, मूळ जर्मन पुस्तक २०१५ चं. त्यात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, त्याला जंगलात शेवाळ चढलेले दगड दिसतात, गोलाकार मांडल्यासारखे, जवळ जाऊन चाकूने खरवडून बघतो तर आत हिरवा थर, म्हणजे ते दगड नाहीतच, चार-पाचशे वर्षांपूर्वी तोडलेल्या एका झाडाच्या बुंध्याचे अवशेष आहेत आणि ते अजून जिवंत आहेत! पानं नाहीत, फांद्या नाहीत, मग याला खायला कोण घालतंय, तर शेजारची झाडं. मी तर उडालेच वाचून. पुढे मग झाडं जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना निरोप देतात, मोठी झाडं आपली रोपं ओळखून त्यांना साखर पाठवतात वगैरे वगैरे. दोन बैठकांत संपवलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

तर माझी मावसबहीण, ती कॉलेजात बॉटनी शिकवते, ती म्हणाली छान आहे की, कादंबरी म्हणून वाच. एवढंच बोलली आणि पेपर तपासायला निघून गेली. आता मला कळेना की नक्की काय खोटंय, सगळंच का थोडंसंच, आणि माझ्यासारखीने ओळखायचं कसं? प्रत्येक पुस्तकाच्या मागे दोन-तीनशे टिपा असतात, त्या काय मी उघडून बघणार नाही, आणि बघितल्या तरी कळणार नाहीत.

तर (१) वाचायला गोष्टीसारखी पण फेकाफेक न करणारी पुस्तकं सुचवा, झाडं प्राणी पक्षी किडे काहीही चालेल, इंग्रजी चालेल पण मराठी असेल तर उत्तमच (२) चांगलं पुस्तक ओळखायची काही युक्ती असेल तर तीही सांगा. टेक्स्टबुक नको प्लीज.


देठ:

तुमची बहीण पूर्ण बरोबर नाही आणि पूर्ण चूकही नाही. त्या पुस्तकात पक्क्या, अर्ध्याकच्च्या आणि निव्वळ कल्पनेतल्या गोष्टी एकाच आवाजात सांगितल्यात, वाचणाऱ्याला कुठली कुठल्या प्रकारची ते कळायला मार्गच नाही, खरी अडचण ती आहे.

म्हणजे बघा, तुम्हाला आवडलेला तो बुंधा. जिवंत बुंधे असतात, त्यात काही खोटं नाही. न्यूझीलंडमध्ये कौरी झाडाच्या अशाच एका बिनपानाच्या बुंध्यावर सेन्सर लावून मोजमाप केलं, २०१९ ला पेपर आला. त्यात निघालं असं की बुंध्यातलं पाणी शेजारच्या झाडांच्या बरोबर उलट वेळापत्रकाने हलतं. दिवसा शेजारी जोरात पाणी ओढत असतात तेव्हा हा गप्प, आणि रात्री किंवा पाऊस असताना शेजारी थंडावले की याच्यात हालचाल सुरू. म्हणजे दोघांची मुळं जमिनीत एकमेकांना जोडली गेलेली आहेत. पण यातून शेजाऱ्याला दया आली आणि त्याने म्हाताऱ्याला पोसलं असं निघत नाही ना. बहुधा मुळं जोडली गेली तेव्हा तो धडधाकट वृक्ष होता, नंतर वरचा भाग गेला आणि खालचं कनेक्शन राहून गेलं. मला विचाराल तर ही हकीकत दयेपेक्षा जास्त विचित्र आहे, कारण मग एक झाड कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हाच प्रश्न येतो.

आता बुरशीचं जाळं. याचं मूळ सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या पेपरात. कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर अशी शेजारशेजारची रोपं घेतली, प्रत्येकावर पिशवी बांधली, एकाला कार्बन-१३ वाला कार्बन डायऑक्साइड दिला आणि दुसऱ्याला कार्बन-१४ वाला, म्हणजे कुणाचा कार्बन कुठे गेला ते नंतर वेगवेगळं मोजता येतं. कार्बन दोन्ही दिशांना गेलेला सापडला, पण फरच्या पदरात जास्त पडला, आणि फरवर सावली केली की आणखी जास्त. झकास प्रयोग, यात शंका नाही. पण त्यात तिसरं एक झाड होतं, रेड सीडर, त्याची बुरशी वेगळ्या प्रकारची त्यामुळे ते या जाळ्यात नाहीच, ते मुद्दाम तुलनेसाठी ठेवलेलं. आणि त्यातही थोडा कार्बन सापडला! म्हणजे काही माल जाळ्याशिवाय, नुसत्या मातीतून पण जातो. हे त्या पेपरातच लिहिलंय. पुस्तकांमध्ये येईपर्यंत सीडर गायब.

२०२३ ला जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला. त्यांचं म्हणणं, जंगलात अशी जाळी सर्रास असतात आणि त्यांतून रोपांना फायदा होतो, या दोन्हीला प्रत्यक्ष जंगलातला पुरावा अजून तुटपुंजा आहे, आणि मोठं झाड आपल्याच रोपाला ओळखून जास्त देतं याला तर जंगलात केलेल्या प्रयोगाचा एकही पुरावा छापलेला नाही. यातल्या मेलनी जोन्स म्हणजे १९९७ च्या त्या पेपरच्याच सहलेखिका बरं का! त्यामुळे हे काही दुसऱ्या कंपूतल्या लोकांनी जळून लिहिलंय असं म्हणायची सोय नाही.

सिमार्ड यांचं स्वतःचं पुस्तक 'फाइंडिंग द मदर ट्री' २०२१ चं. ते वाचा, कारण त्यात निदान पिशव्या कशा बांधल्या, अस्वलं कशी आली, वनखात्याशी भांडणं कशी झाली ते सगळं आहे, आणि पुराव्याच्या पुढे त्या कुठे जातात तेही जरा लक्ष दिलं तर समजतं. बुरशीच आवडली असेल तर मर्लिन शेल्ड्रेकचं 'एंटँगल्ड लाइफ', २०२०. हा माणूस या जाळ्यांवरच पीएचडी केलेला आहे तरी झाडाच्या बाजूने विचार करू नका, बुरशीच्या बाजूने करा म्हणतो, तिला यात काय मिळतं ते विचारा म्हणतो. (पुस्तक छापून आल्यावर त्याच्या एका प्रतीवर अळिंब्या वाढवून त्याने खाल्ल्या, व्हिडिओ आहे.)

आणि एका पुस्तकापासून मात्र लांब राहा, 'द सीक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स', १९७३. अजून विकलं जातंय. क्लीव्ह बॅक्स्टर नावाच्या पॉलिग्राफवाल्याने १९६६ ला ड्रसीनाच्या पानाला खोटं पकडायचं मशीन जोडलं आणि म्हणे पान जाळायचा नुसता विचार मनात आला तर सुई उडाली. १९७५ ला दुसऱ्या संशोधकांनी नीट काळजी घेऊन त्याचाच पुढचा, झाडाजवळ बारीक झिंगे मारून बघायचा प्रयोग करून बघितला, काही सापडलं नाही, 'सायन्स' या नियतकालिकात पेपर आहे. या पुस्तकाने केलेलं खरं नुकसान वेगळंच, वनस्पतींच्या संवेदनांवर गंभीरपणे काम करणाऱ्यांकडेही लोक पुढे कित्येक वर्षं संशयाने बघायला लागले.


खारूताई:

देठ, माहिती भारी पण इतकं पण कोरडं नको हो. वोलेबेनमुळे लाखो लोक झाडाकडे मान वर करून बघायला लागले, सीडरच्या कंट्रोलमुळे किती लागले असते?

बाकी पानगळ, मी पक्ष्यांवाली. माझं एकच सुचवणं, जोनाथन वायनरचं 'द बीक ऑफ द फिंच'. १९९४ चं आहे, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवराबायको १९७३ पासून गॅलापागोसच्या डॅफ्नी मेजर नावाच्या एका बेटावर जाऊन राहायचे, बेट म्हणजे काय, समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं टोक, ना गोडं पाणी ना सावली. तिथल्या फिंचना ते पकडायचे, पायात रंगीत कड्या घालायचे आणि कॅलिपरने चोच मोजायची, लांबी रुंदी जाडी. जवळपास प्रत्येक पक्षी! वर्षानुवर्षं हेच. वाचताना सुरुवातीला वाटतं काय हा उद्योग. मग १९७७ चा दुष्काळ येतो. पाऊस नाही त्यामुळे नवीन बी नाही, मऊ बारीक बिया आधी संपतात आणि राहतात ते सराट्याच्या जातभाईची काटेरी कठीण फळं. ती फोडायला जाड चोच लागते. मधल्या आकाराच्या ग्राउंड फिंचपैकी दहातले आठ-नऊ मेले, आणि जे जगले त्यांच्या चोची सरासरीने जाड, त्यांच्या पिल्लांच्याही जाड. फरक किती तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला दिसणारच नाही इतका, पण इतकी वर्षं मोजत बसले होते म्हणून सापडला. आणि पुढे १९८२-८३ ला एल निनो येऊन धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला, तर पारडं उलटं फिरलं, लहान चोचीवाले पुढे. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचा मामला असं डोक्यात घट्ट बसलेलं असतं ना ते या पुस्तकाने हलतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आलं असं मला वाटतं. जे पुस्तक वाचून संपल्यावर तुम्ही दुसऱ्याला सांगू शकता की 'हे त्यांना कसं कळलं', ते चांगलं. नुसतं 'काय कळलं' एवढंच लक्षात राहिलं तर मग जरा जपून.


निशाचर:

+१ खारूताई, शेवटच्या ओळींना तर +१००.

त्यात माझी एक भर, पुस्तकाचं साल बघत चला, आणि जमलं तर लेखक नंतर काय म्हणाला तेही. याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे लांडगे. 'अल्फा' लांडगा हे तर आता मॅनेजमेंटच्या भाषणात, डेटिंगच्या सल्ल्यात सगळीकडे घुसलंय. हे आलं कुठून तर रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ ला प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलेल्या अभ्यासातून. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका बंदिस्त जागेत कोंडले की ते भांडणारच, वरचढ खालचढ ठरणारच. मग १९७० ला डेव्हिड मेक यांचं 'द वुल्फ' आलं, प्रचंड गाजलं, आणि त्यातून ही कल्पना घराघरात गेली. पुढे मेक स्वतः रानातल्या लांडग्यांच्या मागे वर्षानुवर्षं हिंडले तेव्हा त्यांना दिसलं की मोकळ्या रानात टोळी म्हणजे बहुतेक वेळा चक्क आईबाप आणि त्यांची मागच्या दोन-तीन वर्षांतली पोरं. पुढारी कोण तर आईबाप, त्यात जिंकण्याहरण्याचा प्रश्नच नाही. १९९९ ला त्यांनी हे पेपरात सरळ मांडलं आणि आपलंच पुस्तक पुन्हा छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. स्वतःचं खपणारं पुस्तक बंद करा म्हणणारा लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही, पण ती कल्पना मात्र तोवर सुटली ती सुटलीच.

म्हणजे जुनी पुस्तकं वाचू नयेत असं नाही हं. रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ चं आहे, डीडीटीबद्दलचा काही तपशील पुढे बदलला असेल, पण विष अन्नसाखळीतून वर चढत जातं तसं साठत जातं ही साखळी ती ज्या पद्धतीने उलगडते, ते आजही धडा म्हणून वाचावं. जेन गुडालचं 'इन द शॅडो ऑफ मॅन' पण तसंच, १९७१ चं. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात डेव्हिड ग्रेबिअर्ड नावाचा चिंपांझी गवताची काडी वाळवीच्या वारुळात घालतो, वाळव्या काडीला चावून धरतात, तो काडी ओढून काढून ओठांनी पुसून खातो, पानं असलेली डहाळी मिळाली तर आधी पानं ओरबाडून टाकतो म्हणजे हत्यार तयार करून घेतो. हे १९६० मध्ये बघितलेलं. तेव्हा प्राण्यांना नंबर द्यायची पद्धत होती आणि ही बाई नावं देते म्हणून नाकं मुरडली गेली होती. आता बघा.

त्यामुळे 'प्राण्याला माणसासारखं दाखवलं' एवढ्यावरून पुस्तक बाद करू नका. फ्रान्स डी वाल या माकडांवर काम केलेल्या शास्त्रज्ञाने याच्या बरोबर विरुद्ध रोगाबद्दल लिहिलंय, आपल्यासारखं काही दिसलं तरी ते नाहीच असं ठासून सांगत राहायचं. 'आर वी स्मार्ट इनफ टू नो हाउ स्मार्ट ॲनिमल्स आर?', २०१६. नाव लांबलचक आहे पण पुस्तक खुमासदार.


देठ:

निशाचर, प्राण्यांच्या बाबतीत मान्य, ते आपले चुलत भाऊ आहेत. झाडांच्या बाबतीत मला भीती वाटते कारण तिथे मेंदू नाही, नसा नाहीत, त्यामुळे आपण आपली गोष्ट त्यांच्यावर चिकटवली तर ती खोडून काढायला झाड काही करत नाही.

लाजाळूचं उदाहरण घ्या. मोनिका गॅग्लियानो यांनी २०१४ ला प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे, लाजाळूची कुंडी एका सरकत्या दांड्यावरून पंधरा सेंटिमीटरवरून खाली सोडायची, खाली फोम, म्हणजे दणका बसतो पण इजा होत नाही. सुरुवातीला पानं मिटतात, पुन्हा पुन्हा केलं की मिटायची थांबतात. थकली असतील? म्हणून त्यांनी मग कुंडी वेगळ्या प्रकारे हलवली, तर पानं लगेच मिटली. आणि जवळजवळ महिन्याने पुन्हा टाकून बघितलं तर पानं अजूनही दाद देत नव्हती. आता हे 'शिकणं' का नुसतं सवयीने बधिर होणं, का दोन धक्क्यांचा जोर कमीजास्त होता, यावर वाद आहेत. त्यांचाच वाटाण्याच्या रोपांचा दुसरा प्रयोग होता, पंखा कुठून वारा टाकतो त्यावरून उजेड कुठून येणार ते रोपं ओळखायला शिकतात म्हणे, तो २०२० ला दुसऱ्याने जास्त रोपं घेऊन केला तर तसं काही दिसलं नाही.

हे दोन्ही बाजूंनी सांगेल ते चांगलं पुस्तक. झोई श्लँगर या पत्रकार बाईंचं 'द लाइट ईटर्स', २०२४, ते बऱ्यापैकी करतं, म्हणजे त्या स्वतः झाडांच्या बाजूने झुकलेल्या आहेत पण न पटणाऱ्या शास्त्रज्ञांचंही ऐकून घेतात. त्याहून सावध पुस्तक हवं असेल तर डॅनिएल चामोविट्झचं 'व्हॉट अ प्लँट नोज', २०१२. छोटं आहे, दोन-तीन दिवसांत होईल. झाडाला काय दिसतं, कसला वास येतो, स्पर्श कसा कळतो, एकेक प्रकरण. अमरवेलीचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेने झुकतं, मध्ये काचेआड टोमॅटो आणि नळीतून फक्त त्याचा वास सोडला तरी. व्हीनस फ्लायट्रॅपच्या सापळ्यातल्या केसांना एकदा धक्का लागला तर तो मिटत नाही, वीसएक सेकंदांत दुसरा लागला तरच मिटतो, म्हणजे पावसाच्या थेंबाने उगाच मिटून दमायला नको. चामोविट्झ तिथे थांबतो, पुढे जाऊन 'झाड मोजतं, झाड विचार करतं' असं म्हणायचा मोह टाळतो. आणि ऐकण्याच्या प्रकरणात तर सरळ हात वर करतो की पुरावा फारसा नाही.

अवांतर: वाघ हत्ती देवमासा यांच्यावर शंभर पुस्तकं आणि झाडांवर पाच हे काय प्रकरण आहे? पृथ्वीवरच्या एकूण सजीवांचा कार्बनमध्ये वजनाचा अंदाज २०१८ ला काढला होता, त्यात ८०% च्या वर नुसत्या वनस्पती. सगळी माणसं मिळून ०.०१%. चालू द्या.


ओंजळ:

मराठीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. पॉप्युलर सायन्स म्हणता येईल असं मराठीत कमी आहे हे खरं, जे आहे ते जास्त करून निरीक्षणाचं, ललित अंगाचं. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' मी तरी दरवर्षी त्या त्या महिन्याचं प्रकरण त्या त्या महिन्यात वाचते, कुठल्या झाडाची पालवी कुठल्या रंगाची येते हे इतक्या बारकाईने बघणारं दुसरं कुणी नाही. मारुती चितमपल्लींच्या 'रानवाटा', 'पक्षी जाय दिगंतरा' यांत तर आयुष्यभर वनखात्यात काढलेला माणूस बोलतो, त्यात स्वतः पाहिलेलं, आदिवासींकडून ऐकलेलं, संस्कृत ग्रंथांत वाचलेलं असं सगळं एकत्र येतं, ते त्या त्या जागी ओळखून वाचायचं, मजा तीच आहे.

आणि माडगूळकरांचं 'सत्तांतर'. कादंबरी आहे, साहित्य अकादमी मिळालेली, पण वानरांच्या टोळीत बाहेरचा नर येऊन सत्ता घेतो, पिल्लं मारतो, हे सगळं इतकं थंड डोळ्यांनी लिहिलंय की माणसाळवणं वगैरे आरोपच करता येत नाही. त्याच्या जोडीला सारा हर्डी यांचं 'द लंगूर्स ऑफ अबू' मिळालं तर बघा, १९७७ चं. आधी लोक म्हणायचे गर्दी झाली, वानरांचं डोकं फिरलं म्हणून पिल्लं मारतात. हर्डीबाईंनी राजस्थानातल्या माउंट अबूच्या टोळ्या बघून म्हटलं नाही, यात हिशोब आहे, अंगावर पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नवीन नराची पिल्लं लवकर होतात. आणि माद्या पण काही गप्प बसून सोसत नाहीत, त्या अनेक नरांशी जुगतात म्हणजे पिल्लू कुणाचं ते नराला कळू नये, ही बाजू त्यांनी पहिल्यांदा नीट मांडली. एकाच विषयावरची एक कादंबरी आणि एक अभ्यास लागोपाठ वाचून झाले की पानगळ, तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्याल.


पानगळ:

अहो काय खजिना उघडलात सगळ्यांनी! देठ, बुंधा खरा निघाला म्हणून बहिणीला लगेच मेसेज केला, तिचं उत्तर 'बुंधा खरा, पण दया खोटी', म्हणजे तुम्ही दोघं एकाच शाळेतले. चामोविट्झ आणि फिंचपासून सुरू करते, सत्तांतर लायब्ररीत आहे असं कळलंय.

आता हावरटपणा करून अजून एक. मुलगा अकरा वर्षांचा आहे, मी वाचत असले की येऊन विचारतो काय आहे त्यात. त्याला वाचून दाखवता येईल, आणि नुसतं ऐकून न सोडता काहीतरी करूनही बघता येईल असं काही? चित्रांची चकचकीत ढीगभर झाली घरात, दोन दिवसांत कंटाळतो.


खारूताई:

डेव्हिड हॅस्केलचं 'द फॉरेस्ट अनसीन' घ्या. टेनेसीच्या जुन्या जंगलात एक मीटरभर रुंदीचा जमिनीचा तुकडा निवडला आणि वर्षभर तिथेच जाऊन बसायचं, भिंग घेऊन, काही उचकटायचं नाही मारायचं नाही. गोगलगाय, शेवाळ, गळलेली पानं. जानेवारीत उणे वीसच्या थंडीत एवढासा पक्षी कसा तग धरतो ते कळावं म्हणून हा बुवा कपडे काढून उभा राहतो, ते प्रकरण मुलांना फार आवडतं (करून बघू देऊ नका). तुकडा आखून बसणं मात्र कुंडीतही जमेल.


ढेकूळ:

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवेना. अकरा वर्षांच्या मुलासाठी डार्विन. हो तोच. पण उत्क्रांतीवालं नाही, गांडुळांवरचं. १८८१ ला आलं, त्याचं शेवटचं पुस्तक, पुढच्या वर्षी गेला तो. सलग वाचून दाखवू नका, झोपेल, पण मधली मधली पानं काढून सांगा.

जगातला सगळ्यात गाजलेला शास्त्रज्ञ म्हातारपणी घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळतो आणि त्यांना ऐकू येतं का ते बघायला त्यांच्यासमोर बॅसून नावाचं ते मोठं फुंकायचं वाद्य वाजवून घेतो, शिट्टी वाजवून घेतो, ओरडून बघतो. गांडुळं ढिम्म. पियानो वाजवला, तरी ढिम्म. मग कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला, तर सटकन बिळात! म्हणजे ऐकू येत नाही पण कंप कळतो. हे घरात कुठल्याही वाद्यावर, स्पीकरवर सुद्धा करता येईल.

पण खरी गंमत पुढे आहे. गांडुळं रात्री पानं ओढून बिळाच्या तोंडात खुपसतात. डार्विनने बघितलं की ती बहुतेक वेळा पानाचं निमुळतं टोक धरून ओढतात, जे बिळात सहज जाईल असं. आता हे त्यांना समजतं का सवय आहे का पानाची चव टोकाला वेगळी आहे? म्हणून त्याने लिहायच्या कागदाचे लांबट त्रिकोण कापले, काही जास्त निमुळते काही कमी, तीनशेच्या वर, आणि बिळांजवळ टाकून दिले. कागदाला कुठे आलीये टोकाची चव. तरी ६२% त्रिकोण टोकाकडून ओढलेले निघाले. मग त्यालाच पुढची शंका, कशावरून गांडुळाने आधी रुंद बाजू ओढून बघितली नसेल, जमलं नाही म्हणून टोक धरलं असेल? तर त्याने टोकाकडून ओढलेल्या त्रिकोणांची रुंद बाजू तपासली, तशी खटपट झाली असती तर ती चुरगळलेली, मळलेली असायला हवी. बहुतेक स्वच्छ होत्या.

देठ जे सीडरचं सांगत होते ना ते मुलाला सांगितलंत तर त्याच्या डोक्यावरून जाईल, त्रिकोण कापायला बसवा, सगळं कळेल. कात्री, कागद आणि गांडुळं असलेली ओलसर जागा एवढंच लागतं.


पानगळ:

ढेकूळ, हे जबरदस्त आहे! त्रिकोण वाचून दाखवला आणि पोरगं ऑलरेडी कात्री शोधतंय. पण एक शंका, त्याचीच आहे. कागद रात्रभर ओल्या मातीवर पडणार, दव पडणार, सकाळपर्यंत लगदा नाही का होणार? मग टोक काय आणि रुंद बाजू काय.


ढेकूळ:

पोरगं हुशार आहे, डार्विनला हाच प्रश्न पडला होता. त्याने त्रिकोणांना दोन्ही बाजूंनी कच्ची चरबी चोळली, म्हणजे कागद दवापावसात लिबलिबीत होऊ नये. तुम्ही मेणाचा कागद घ्या, नाहीतर साध्या कागदावर दोन्हीकडून मेणबत्ती घासा. आणि टाकायच्या आधी प्रत्येक त्रिकोणावर नंबर घालायला सांगा, नाहीतर सकाळी कुठला कुठून ओढला यावरून घरात भांडणं होतील.